पासिंग विचारतात, पाठ कुणी विचारत नाही



दसरा-पाडवा जवळ आला की आमच्या अकलूजमध्ये चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ओट्यावर आणि कारखान्याच्या गेटवर विषय एकच असतो : यंदा उसाला कुठली गाडी लावायची? दहा टायरचा ट्रक घ्यायचा, जुनाच सहा टायर रंगवून काढायचा, की ट्रॅक्टर घेऊन मागे दोन ट्रॉल्या जोडायच्या? या चर्चेत मी नुसता श्रोता असतो. पण वर्षानुवर्षे ऐकून त्यातले प्रश्न मला पाढ्यांसारखे पाठ झाले आहेत. पासिंग किती टनाचं? ॲव्हरेज किती? हप्ता किती बसतो? चढाला दम धरते का? विकताना किंमत येईल का?

पाचही प्रश्न रास्त आहेत. कर्ज काढणाऱ्याने ते विचारलेच पाहिजेत. पण ज्याला त्या गाडीवर सबंध गळीत हंगाम, दिवसा आणि त्याहून जास्त रात्री, बसायचे आहे त्याच्याबद्दलचा एकही प्रश्न त्यात नाही. आसन कसे आहे, स्टिअरिंग किती जड आहे, गिअर कसे पडतात, ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ थांबते का... हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. माझे म्हणणे असे की आपण गाड्यांची तुलना करतच नाही, आपण फक्त त्यांच्या हिशेबाची तुलना करतो. खरी तुलना चालकाच्या आसनावरून केली तर आपल्या तालुक्याची सगळ्यात लाडकी गाडी, म्हणजे डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, सपशेल नापास होतो.

"मास्तरांनी जन्मात ट्रक चालवला नाही, हे उंटावरून शेळ्या हाकणे आहे," असे माझे काही पुतणे-भाचे म्हणतील. म्हणोत बापडे. मी चालवला नाही हे खरे, पण मी ज्यांना शिकवले त्यांतले कितीतरी जण आज स्टिअरिंगवर आहेत. त्यांच्यातलाच एकजण मागे मला म्हणाला होता, "सर, गाडी कशी हाय ते कागदावर कळत न्हाई, बुडाला कळतंय." ऐकायला जरा असभ्य वाटेल, पण गाड्यांच्या तुलनेचे याहून नेमके सूत्र मला माहीत नाही.

आणि हे आपल्याला कळत नाही असे थोडेच आहे? आपल्याच अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे घोडा नुसता रंग आणि उंची बघून कोणी घेत नाही. चाल बघतात, फिरवून बघतात, वर बसून बघतात. तोंडाला हलका आहे की ओढाळ आहे, थांबवला की थांबतो का, हे सगळे बघितल्याशिवाय पैसे मोजत नाहीत. जनावराच्या बाबतीत इतका चोखंदळ असलेला माणूस शोरूमच्या काचेच्या दारातून आत गेला की त्याचे सगळे शहाणपण टन आणि हप्ता या दोन शब्दांत कसे मावते?

आता एकेक गाडी घेऊ.

पहिली, जुना ट्रक. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी सहकार्य करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. हा करार १९६९ साली संपला, तरी जुन्या माणसांच्या तोंडी 'टाटा-बेंझ' हे नाव पुढे बरीच वर्षे राहिले. हे ट्रक दणकट होते यात शंका नाही. देशाचा माल त्यांनीच वाहिला. पण त्या काळची पद्धत अशी की कंपनी द्यायची चासी : सांगाडा, इंजिन, चाके आणि समोरचा दर्शनी पत्रा. केबिन आणि हौदा बांधायचा तो गावोगावच्या बॉडीवाल्यांनी, लाकूड आणि पत्रा वापरून. म्हणजे ज्या खोलीत माणूस दिवसरात्र काढणार ती खोली कारखान्याच्या नकाशातच नव्हती. चालकाचे आसन म्हणजे फळीवर गादी, वर रेक्झीन. इंजिन अर्धे केबिनमध्ये घुसलेले, चालकाच्या डाव्या हाताला. त्यावर घोंगडे टाकले तरी उन्हाळ्यात डावा पाय भाजून निघायचा. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे भरलेली गाडी वळवायची तर अक्षरशः उभे राहून चाक ओढावे लागे.

आणि गिअर! जुन्या गिअरपेटीत दात्यांचा वेग जुळवून देणारी सोय नव्हती, ते काम चालकाने पायाने आणि कानाने करायचे. चढाला खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच दाबा, मग गिअर. हे जमले नाही तर पेटीतून असा आवाज यायचा की रस्त्यावरची माणसे वळून बघत. हे जमणारे चालक कसबी होते, आणि त्यांच्या कसबाबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण "तेव्हाचे ड्रायव्हर खरे ड्रायव्हर" म्हणून जे सुस्कारे टाकले जातात त्यांत त्या चालकांचे गुडघे आणि कंबर कोणी मोजत नाही. आमच्या पिढीतले असे काही चालक आज काठी घेऊन चालतात. कसबाची ती किंमत त्यांनी एकट्यांनी भरली, गाडीच्या मालकाने नव्हे.

दुसरी, नवा ट्रक. कारखान्यातच बनलेली बंद केबिन, पुढेमागे आणि वरखाली होणारे आसन, पॉवर स्टिअरिंग, हवेचे ब्रेक, चाके जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा. त्यात आता एसीची भर पडली आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झाला. गंमत अशी की २०१८ साली सरकारने ट्रकांची भारमर्यादा वाढवली, तीन आसांच्या ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर नेले, ती बातमी आठवड्यात टपरीवरच्या पोरासोरांना तोंडपाठ झाली होती. एसीच्या नियमावर मात्र मी ऐकले ते फक्त हसे. "आता ड्रायव्हरला गादीगिरदी पण द्या!" किंवा "एसीत ड्रायव्हर झोपल, मग गाडी कोण चालवंल?"

या दुसऱ्या वाक्याचा समाचार घेतलाच पाहिजे. झोप गारव्याने येत नाही, झोप न मिळाल्याने येते. सोलापूर जिल्ह्याच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या डब्यात दिवस काढलेला माणूस रात्री गाडीवर डुलक्या घेणारच. ज्यांना एसीत झोप येते असे वाटते त्यांनी आपल्या बँकेच्या, पतसंस्थेच्या आणि कारखान्याच्या साहेबांच्या खोलीतला एसी आधी बंद करून दाखवावा. तिथे काम चांगले व्हावे म्हणून एसी लागतो, आणि वीस-पंचवीस टनांची गाडी हाकणाऱ्याला मात्र तो झोप आणतो, हा कुठला न्याय?

गिअरचेही तसेच. व्होल्वोने २००१ साली आपल्या मोठ्या ट्रकांत स्वतःहून गिअर बदलणारी पेटी आणली. तिला एएमटी म्हणतात. पेटी साध्या गिअरचीच, पण क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. क्लचचे पेडलच नाही. युरोपात आज नवे जड ट्रक बहुतेक असेच निघतात आणि आपल्याकडच्या कंपन्याही काही ट्रकांत ती देऊ लागल्या आहेत. यावर आमच्याकडचा आक्षेप : "ते बायकापोरांचं काम, गडी माणसाला गिअरच लागतो." मी एकदा साध्या गिअरच्या, उसाने भरलेल्या ट्रकमध्ये चालकाच्या शेजारी बसून त्याने किती वेळा क्लच दाबला ते मोजायला घेतले. गावातले वळण, गतिरोधक, बैलगाडी, पुन्हा गतिरोधक, समोरून एसटी... शंभरानंतर मी मोजणे सोडून दिले, आणि कारखाना अजून दिसतही नव्हता. चालकाला मोजणे सोडण्याची सोय होती, पण दाबणे सोडण्याची नव्हती.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. एएमटीची गाडी महाग पडते, आणि बिघडली तर आपल्या वडाच्या झाडाखालच्या मिस्त्रीला ती उघडता येत नाही. कंपनीच्या माणसाची वाट बघावी लागते. हंगामात दोन दिवस गाडी उभी राहिली तर मालकाचा जीव टांगणीला लागतो. त्यामुळे उद्याच सगळ्यांनी एएमटी घ्यावी असे मी म्हणणार नाही. पण साध्या गिअरच्या ट्रकांतही हलका क्लच आणि जड क्लच असा फरक असतो की नाही? तो तरी पाय ठेवून बघा! त्याला एक रुपया लागत नाही.

आता तिसरी गाडी, आपली लाडकी. ट्रॅक्टर.

ट्रॅक्टर हे शेतात नांगर, रोटाव्हेटर ओढायचे यंत्र आहे आणि त्या कामाला त्याला तोड नाही. पण आपण हंगामभर त्याचा ट्रक करतो. पन्नासएक अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-सव्वादोन टन. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत डोईच्या वर रचलेला ऊस, म्हणजे त्याच्या कितीतरी पट ओझे. ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना. तेही शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून डावा वेगळा, उजवा वेगळा. रस्त्यावर आणताना दोन्ही पेडल एकमेकांना अडकवून घ्यायची असतात. ती अडकवायची राहिली आणि घाईत एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर सरळ थांबण्याऐवजी गर्रकन फिरतो. ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचा ब्रेक नसतोच. म्हणजे उतारावर ट्रॅक्टर थांबला तरी मागचे ओझे थांबत नाही, ते ट्रॅक्टरला ढकलते. चढाला नेमके उलटे. मागचा भार इतका की पुढची चाके हलकी होतात, कधीकधी जमीन सोडतात. चाके जमिनीवर नसतील तर स्टिअरिंग फिरवून काय उपयोग?

गिअरचे म्हणाल तर बहुतेक ट्रॅक्टरांत भरल्या ओझ्याने चढावर गिअर बदलताच येत नाही. क्लच दाबला की ओढ सुटते आणि गाडी जागेवर थांबते. म्हणून चढ येण्याआधीच अंदाजाने गिअर धरायचा. अंदाज चुकला तर मधेच उभे राहायचे, आणि मागे कोण येते आहे हे दोन ट्रॉल्यांच्या पलीकडे दिसत नाही. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून सोडतात ते वेगळेच. मालक ॲव्हरेज विचारतो ना, मग ते असे काढले जाते.

आणि आसन? पत्र्याचे ताट, त्यावर पातळ गादी. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पाटे नसतात, त्यामुळे रस्त्यातला प्रत्येक खड्डा सरळ मणक्यात येतो. डोक्यावर असले तर कापडी हूड, नाहीतर आभाळ. डिसेंबर-जानेवारीत नीरेकाठची रात्रीची थंडी काय असते हे अकलूजकरांना सांगायला नको. कानटोपी, मफलर, वर पोते पांघरून पोरे ट्रॅक्टर चालवतात. मोठ्या आवाजात गाणी लावतात म्हणून आपण त्यांना शिव्या घालतो. मी पण वैतागतो. पण ती गाणी बहुतेक वेळा जागे राहण्यासाठी असतात, हे त्यांच्याकडूनच कळल्यापासून शिव्या घालणे बंद केले आहे.

मग ट्रॅक्टर एवढा का पसरला? त्याची कारणे पक्की आहेत आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पाणी दिलेल्या फडात ट्रक रुततो, ट्रॅक्टर निघतो. एक ट्रॉलीची जोडी फडात सोडून टोळी ती भरत असताना दुसरी जोडी कारखान्यावर नेता येते, ट्रकचे तसे नाही, तो भरेपर्यंत अडकून पडतो. हंगाम संपला की ट्रॅक्टर शेतीला लागतो. कर्जही शेतीचे म्हणून मिळते. ही सगळी कारणे मला मान्य. पण नीट बघा, यातले एकही कारण रस्त्यावरचे नाही. सगळी कारणे फडातली आणि बँकेतली. गाडी चालते मात्र रस्त्यावर.

आणि तो रस्ताही आता पहिला राहिलेला नाही. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन झाले. तुकोबांच्या पालखीचा मार्ग पाटस, बारामती, इंदापूरवरून आपल्या अकलूजमार्गे पुढे जातो. जुन्या अरुंद रस्त्यावर सगळेच हळू होते. रुंद रस्त्यावर मोटारी सुसाट येतात आणि त्यांच्यापुढे अंधारात, मागचा दिवा नसलेली, बैलगाडीपेक्षा थोड्याच जास्त वेगाने जाणारी उसाची ट्रॉली असते. मागून धडकणारा मरतो आणि दोष ट्रॅक्टरवरच्या पोराला लागतो. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली. यातली किती उसाच्या ट्रॉलीमुळे गेली ते बाजूला ठेवा, हंगामात आपल्या पंचक्रोशीतून अशी बातमी येत नाही असा महिना सांगा.

आता कायद्याची एक मौज सांगतो. ओझ्याच्या जनावरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून १९६५ साली केंद्राने नियम केले. त्यांत लिहिले आहे की बैलाला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त जुंपू नये, सलग पाच तासांपेक्षा जास्त हाकू नये, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जाते तिथे दुपारी १२ ते ३ या वेळेत कामाला लावू नये. माणसासाठीही १९६१ साली मोटर वाहतूक कामगारांचा कायदा झाला होता, त्यात दिवसाचे आठ तास लिहिले होते. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायाला. एका ट्रॅक्टरचा एक मालक आणि त्याचा एक चालक त्यात बसलाच नाही. एसीचा नवा नियमही मालट्रकांना आहे, ट्रॅक्टर त्यात नाही. म्हणजे ऊस बैलगाडीतून गेला तर ओढणाऱ्या बैलाला कागदावर तरी विसावा आहे. ट्रॅक्टरमधून गेला तर चालवणाऱ्या माणसाला तोही नाही. बेंदूर-पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-तूप लावून मळतो. वर्षभर ओझे ओढले त्याची ती जाण असते. ट्रॅक्टर आला, बैल गेला, ओझे वाढले. खांदे मळणे मात्र बैलाबरोबरच गेले.

कोणी म्हणेल, हे सगळे श्रीमंत देशांचे लाड आहेत. तर स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या रक्षणासाठी मजबूत चौकट सक्तीची केली. ट्रॅक्टर उलटून त्याखाली चिरडून मरणाऱ्यांची संख्या तिथे पुढच्या काही दशकांत जवळजवळ शून्यावर आली. लोखंडाची एक चौकट! लोखंड आपल्याकडेही मिळते आणि वेल्डिंगवाले तर गल्लोगल्ली आहेत. आपण त्यांच्याकडून ट्रॉलीच्या बाजू उंच करून घेतो, ऊस जास्त बसावा म्हणून.

मला काय हवे आहे ते सरळ सांगतो. कारखान्यांनी वाहतुकीचा करार करताना गाडीची कागदपत्रे बघतात तसा ट्रॉलीचा ब्रेक, मागचे दिवे आणि चालकाचे आसनही बघावे. नसेल तर करार नाही. जवळच्या फडाला एक ट्रॉलीचा ट्रॅक्टर, लांबच्या खेपेला ट्रक, आणि दर असा ठेवावा की हेच मालकाला परवडेल. ऊस रिकामा व्हायची वाट बघत गाड्या तासन्‌तास रांगेत असतात, त्या तळावर चालकांना पाठ टेकायला एक शेड आणि अंघोळीला पाणी असावे. आणि मालकांनी ट्रॅक्टरच्या साउंडवर आणि रंगीत दिव्यांवर पैसे घालण्याआधी स्प्रिंगचे एक चांगले आसन आणि एक धड हूड बसवावे. यात आभाळातली एकही गोष्ट मी मागितलेली नाही.

आपल्या नात्यात यंदाही दोघे-तिघे गाडी घेणार आहेत असे कळते. घ्या, आनंदाने घ्या, पेढे खायला मी येईनच. पण सही करण्याआधी एक करा. ज्याच्याकडे तशीच गाडी आहे त्याच्याबरोबर एक भरलेली खेप, रात्रीची, फडापासून काट्यापर्यंत करा. शेजारी मडगार्डवर बसून नव्हे, लायसन असेल तर आसनावर बसून. क्लच तुम्ही दाबा, उतार तुम्ही उतरा, रांगेत तुम्ही थांबा. सकाळी घरी आल्यावर कंबर धरून बसाल तेव्हा तुम्हाला त्या गाडीची सगळी माहिती झालेली असेल. पासिंग मग विचारा.